बंगाली कॅम्पातल्या मुलीने ग्रामपंचायतीला उभं राहावं का? (सल्ला हवा)

बांधावरची

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी गडचिरोली जिल्ह्यातली, चामोर्शी-मुलचेरा पट्ट्यातली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तसंही बाहेरचे लोक आमच्या गावाला नावाने ओळखत नाहीत, 'बंगाली कॅम्प' म्हणतात. माझे आजी-आजोबा १९६४ साली पूर्व पाकिस्तानातल्या खुलन्याहून निर्वासित म्हणून निघाले, रायपूरजवळच्या माना कॅम्पात राहिले आणि तिथून त्यांना इथे जमीन देऊन वसवलं. बाबांचा जन्म १९७१चा, याच गावातला. माझा १९९८चा. घरात बंगाली, शाळा सगळी मराठीतून. गोंडी समजते, बोलताना अडखळते.

बी.ए. करून परत आले त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून लोकांचे कागद करते. वारस नोंद, निराधारचं मानधन, रानडुकरांनी धान खाल्लं की पंचनाम्याचा पाठपुरावा. आमच्याकडे सगळ्यात मोठा त्रास नावांचा आहे. आधारवर 'बिश्वास', रेशनकार्डावर 'विश्वास', सातबारावर तिसरंच काहीतरी. एका आजीचं मानधन फक्त यामुळे चौदा महिने अडकलं होतं. ते सुरू झालं त्या दिवशी ती बांधीतून (धानाच्या शेतातून) चिखलाच्या पायांनी तशीच आमच्या दारात आली आणि माझा हात धरून बसून राहिली. या कामाचे मी पैसे घेत नाही, लहान मुलांच्या शिकवण्यांवर माझं भागतं.

आता मुद्दा. आमची गट ग्रामपंचायत आहे, तीन गावं आणि चार टोले (आदिवासी वस्त्या) मिळून. अनुसूचित क्षेत्र असल्यामुळे सरपंचपद आदिवासी उमेदवारालाच. एकूण ९ सदस्य. आमच्या प्रभागात तीन जागा: एक अनुसूचित जमाती, एक अनुसूचित जमाती स्त्री, एक सर्वसाधारण स्त्री. या तिसऱ्या जागेवर मी उभं राहावं असं गावातल्या बायका म्हणताहेत.

पुरुष मंडळी म्हणतात, आपल्याला सरपंच होताच येत नाही तर नुसतं सदस्य होऊन काय मिळणार? एका पक्षाचे कार्यकर्ते घरी येऊन गेले. त्यांचं म्हणणं, थांब, तुला पंचायत समितीला पाहू. आणि मागच्या आठवड्यात धान खरेदी केंद्राच्या रांगेत मागून कोणीतरी म्हणालं, "आता बांगलादेशी पंचायत चालवणार." बाबा शेजारीच उभे होते. घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. रात्री म्हणाले, हे नको करू.

उभी राहू का?

वैनगंगाकाठ

राहा. बाकीचं मागून बोलू.

पळसफूल

मी जरा उलट बोलते, राग मानू नकोस. तू आज जे करतेस ते सदस्य नसल्यामुळेच जमतंय. सगळ्या घरांत तुला दार उघडं आहे. उद्या पॅनेल झालं, गट पडले, की अर्धी घरं तुझ्याकडे कागद घेऊन यायची बंद होतील. माझी मावशी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात बचतगटाचं काम करायची. निवडून आली आणि दोन वर्षांत बचतगट फुटला. तिचा दोष नव्हता. विरोधात मत दिलेल्या बायकांना तिच्या घरची पायरी चढायला लाज वाटायला लागली, एवढंच.

निवृत्त_तलाठी

पोरी, आधी कायदा पक्का कर. मग उभं राहायचं की नाही ते ठरव. मी ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच तुझ्याच भागात.

पहिली गोष्ट, त्या रांगेतल्या वाक्याची. नागरिकत्व कायदा १९५५, कलम ३. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच भारताचा नागरिक. आईवडील कुठून आले हा प्रश्नच नाही. तुझे वडील १९७१चे, म्हणजे त्यांचा विषय संपला. १ जुलै १९८७ नंतर आणि ३ डिसेंबर २००४ च्या आधी जन्मलेल्यांना आईवडिलांपैकी एकजण नागरिक असला की पुरे. तू १९९८ची, वडील नागरिक. तुझाही विषय संपला. आणि तुझे आजोबा आले तेव्हा बांगलादेश नावाचा देशच नव्हता, तो १९७१ला झाला. आजोबांकडे 'बॉर्डर स्लिप' (सीमेवर मिळालेली नोंदीची चिठ्ठी) किंवा माना कॅम्पातलं कार्ड असेल तर जपून ठेव. अर्जाला लागत नाही, पण घरात असू दे.

दुसरी, अर्जाची. वय २१ पूर्ण, यादीत नाव. तू १ जानेवारी १९९५ नंतरची आहेस म्हणून सातवी पासचा पुरावा लागेल. घरी शौचालय आहे आणि वापरतो याचा दाखला. घरपट्टी, पाणीपट्टीची थकबाकी शून्य कर. दोन अपत्यांची अट (१२ सप्टेंबर २००१ नंतरची) तुला सध्या लागू होत नाही. पंचायतीच्या कोणत्याही कामात, ठेक्यात तुझा वाटा नको. कागद करायचे पैसे घेत नाहीस लिहिलंस ते बरं झालं, नाहीतर विरोधक पहिला आक्षेप तिथेच घेतील.

तिसरी. तुझी जागा सर्वसाधारण आहे, तुला जातीचा दाखला नको. पण प्रभागात तीन जागा म्हणजे प्रत्येक मतदाराला तीन मतं. तू एकटी उभी राहून 'मला एक मत द्या' म्हणशील तर दोन मतं दुसऱ्या पॅनेलला जातील आणि तिसरंही त्यांच्याच मागे जाईल. तुला दोन आदिवासी सोबती हवेत. त्यांचं जात वैधता प्रमाणपत्र हा खरा अडथळा. निवडून आल्यावर मुदतीत वैधता दाखवली नाही म्हणून पद गेलेले सदस्य मी डोळ्यांनी पाहिलेत.

नागपुरी_बर्डी

तलाठी काका, माझ्या पूर्ण कॉलेजात एवढं कोणी शिकवलं नाही 🙏

सह्याद्रीपार

मी पुण्यात असतो, वर्ध्याचा मूळचा. एक प्रामाणिक प्रश्न. तू तिसरी पिढी. जन्म इथला, शिक्षण मराठीतून. मग स्वतःची ओळख 'निर्वासित कुटुंबातली' अशी का करून देतेस? तुझ्या वडिलांनाच तो शब्द टोचतोय. 'गावातली शिकलेली मुलगी' एवढंच सांगून मतं माग ना. निर्वासित म्हटलं की समोरच्याच्या डोक्यात पाहुणा येतो, आणि पाहुण्याला कोणी घराच्या किल्ल्या देत नाही.

बांधावरची

@सह्याद्रीपार, मी नाही म्हटलं तरी सातबारा म्हणतो ना. आजोबांना मिळालेली जमीन अजून 'भोगवटादार वर्ग २' आहे. परवानगीशिवाय विकता येत नाही, घरात लग्न असो की आजारपण. माझ्या आत्याने उपचारासाठी एक तुकडा विकायचा प्रयत्न केला. परवानगीचा कागद आला तेव्हा आत्या नव्हती. त्या शेतात आज धानच आहे, पण आई तिथे रोवणीला जात नाही. मी कोणाला काही म्हणत नाही, पण हा शब्द मी निवडलेला नाही, तो जमिनीसोबत आला.

@पळसफूल ताई, तुमचं खरं आहे. मला याचीच जास्त भीती वाटते.

दीक्षाभूमी_५६

या धाग्यावर एक गोष्ट कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

१९४६ साली बाबासाहेबांना मुंबई प्रांतातून संविधान सभेवर जाता आलं नाही. ते गेले बंगालमधून. तिथल्या प्रांतिक कायदेमंडळातून त्यांना निवडून आणायला जोगेंद्रनाथ मंडल यांनी जिवाचं रान केलं. मंडल बंगालमधल्या दलित नमशूद्र समाजाचे, बरिशालचे. फाळणी झाली, मंडल पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले, आणि १९५०मध्ये राजीनामा देऊन भारतात परत आले. ज्या समाजाने बाबासाहेबांना संविधान सभेत पाठवायला हात दिला तोच समाज पुढे घरंदारं सोडून आपल्या विदर्भाच्या जंगलात आला. आमच्या वस्तीत १४ एप्रिलला भाषण करताना मी हे दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी निम्मे लोक पहिल्यांदाच ऐकतात.

ताई, तुम्ही नमशूद्र असाल असं गृहीत धरून लिहिलं. नसाल तर माफ करा.

बांधावरची

नमशूद्रच, दादा. आमच्या घरी हरिचांद-गुरुचांद ठाकुरांची (आमच्या समाजाचे गुरू) तसबीर आहे आणि तिच्या शेजारी बाबासाहेबांची. दुसरी मी लावली. ठाकुरमा (आजी) रोज दोन्हींना फूल ठेवते.

वैनगंगाकाठ

मग तर प्रश्नच मिटला, तुम्ही अनुसूचित जातीच्या जागेवरून पंचायत समितीला उभ्या राहा. तिथे चांगली संधी असते.

निवृत्त_तलाठी

नाही हो, तिथेच तर गाडी अडते. नमशूद्र पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जाती, आसाम-त्रिपुरात अनुसूचित जाती. महाराष्ट्राच्या यादीत हे नावच नाही. याद्या राज्यवार असतात, आणि अनुच्छेद ३४१ प्रमाणे यादीत नाव घालणं-काढणं फक्त संसदेच्या हातात. म्हणून मूळ जात तीच, भोगलेलं तेच, पण वैनगंगेच्या काठावर आलं की सर्वसाधारण. माझ्या टेबलावर या अर्जांचा गठ्ठा असायचा. मी त्यांना 'नाही' एवढंच सांगू शकत होतो, आणि ते सांगताना मला कधी बरं वाटलं नाही.

मोहाचं_झाड

मी गोंड आहे, धानोरा तालुक्यातला. धागा दोनदा वाचला. ताईला राग येईल असं थोडं लिहितो, पण मनापासून लिहितो.

आमच्या लोकांना १९६०च्या दशकात कोणी विचारलं नव्हतं की इथे कोणाला वसवायचं का. जंगल होतं, आमची जायची-यायची वाट होती, मोहाची झाडं होती. एक दिवस ट्रक आले. तुमच्या आजोबांचा त्यात दोष नाही, त्यांनाही कोणी विचारलं नव्हतं. पण आमच्या म्हाताऱ्यांच्या मनात ते आहे, आणि प्रचाराला गेलीस की ते बाहेर येणार.

दुसरं. "आपल्याला सरपंच होता येत नाही" हे वाक्य तुमच्या गावात बोललं जातं, ते आमच्या टोल्यापर्यंत पोहोचतं. १९९६चा पेसा कायदा (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा) कोणाचा हक्क काढून घ्यायला आला नाही. त्याच्या आधी आमच्याच गावात आमचा सरपंच नसायचा. निम्म्याहून कमी नाहीत एवढ्या जागा आणि अध्यक्षपद आदिवासींकडे, हे किती वर्षांनी मिळालं ते मोजा. तुमच्या बाजूच्या कोणी 'पेसा हटाव'ची पाटी धरली आणि तू त्यांच्या शेजारी उभी दिसलीस, तर आमच्या टोल्यातून तुला एक मत पडणार नाही. मीही देणार नाही.

वनहक्काचंही तसंच. २००६च्या कायद्यात 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणजे १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, ७५ वर्षं राहिलेले. तुम्ही १९६४ नंतरचे, त्यात बसत नाही. तुमच्याकडे काही लोक यासाठीही आमच्यावर चिडतात. आम्ही तो कायदा लिहिलेला नाही.

हे सगळं माहीत असून तू उभी राहणार असशील तर मला बोलायचंय.

पळसफूल

@मोहाचं_झाड, थोडं कडक लिहिलंत. ती मदत मागायला आलीय.

बांधावरची

नाही ताई, मला हेच वाचायचं होतं. हे गावात कोणी तोंडावर बोलत नाही.

@मोहाचं_झाड दादा, 'पेसा हटाव' मी कधी म्हटलं नाही. पण खरं सांगायचं तर आमच्या चौकात कोणी म्हटलं तेव्हा मी गप्पही बसले आहे. ते मला आज खटकतंय.

नवेगावबांधकर

जरा वेगळ्या कोपऱ्यातून. आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात (गोंदिया) अरुणनगरकडे बंगाली गावं आहेत, आणि गोठणगावजवळ तिबेटी वसाहतसुद्धा आहे, १९७२ची. लहानपणी आम्ही दोन्हीकडे खेळायला जायचो. बंगाली मित्र मोठे होऊन मतदार झाले. तिबेटी मित्राकडे मात्र नोंदणीचं पुस्तक, ते ठरावीक काळाने नवं करायचं. १९५० ते १९८७ दरम्यान भारतात जन्मलेल्या तिबेटींची नावं मतदार यादीत घ्या, असं निवडणूक आयोगाने २०१४मध्ये सांगितलं. तरी बऱ्याच घरांत यावर वाद असतो. म्हातारे म्हणतात, इथले नागरिक झालो तर परत जायचं कसं? माझा तो मित्र मला म्हणाला होता, "तुमच्या गावात रस्ता चुकीचा झाला तर तुम्ही सरपंचाला शिव्या देता. मला तोही हक्क नाही."

बांधावरची, तुझ्याकडे तो हक्क आहे. वापर.

झाडीपट्टीवेडा

नवेगावबांधचं नाव आलं आणि मला हुरडा, थंडी, शंकरपट आठवला. कोणी वडसा मार्केटचं यंदाचं नाटकांचं वेळापत्रक पाहिलं का?

नागपुरी_बर्डी

अरे बाप्पा, धागा कुठे चालला 😄

झाडीपट्टीवेडा

विषयाला धरूनच आहे, थांबा. बंगाली गावात जत्रापाला (त्यांचं लोकनाट्य) होते, रात्रभर. आमची झाडीपट्टीची नाटकं, रात्रभर. मी तिकडची जत्रा पाहिलीय. भाषा कळली नाही, पण खलनायक आल्यावर शेजारच्या आजीने जमिनीवर हात आपटून जे शिव्याशाप दिले ते शंभर टक्के कळले. आमच्याकडेही आजी तेच करते. ताई, प्रचार कर तो मंडईच्या (गावच्या जत्रेच्या) रात्री, नाटकाच्या मध्यंतरात. सगळी गावं एका सतरंजीवर बसलेली मिळतात.

मानाकॅम्प

मी मराठी लिहायला हळू आहे, चूक झाली तर सांभाळा. मुलगी म्हणते तिच्या बाबांनी 'नको' म्हटलं. त्यांच्या वतीने थोडं लिहितो, मी त्यांच्याहून वयाने मोठा.

मी नऊ वर्षांचा होतो. १९६४चा जानेवारी, खुलन्यात दंगा झाला. आम्ही रात्री निघालो. मानामध्ये तंबू. उन्हाळ्यात तंबूच्या आत हात लावला तरी कापड भाजायचं. माझी लहान बहीण तिथेच गेली. मग ट्रकने इकडे आणलं. आजूबाजूला साग, मोह आणि बांबू. आई रडली, म्हणाली इथे नदी कुठे? नदीशिवाय बंगाली कसा जगणार? पहिल्या वर्षी पाऊस पडल्यावर जवळच्या टोल्यातला एक गोंड माणूस आला. त्याने हाताने दाखवलं की पाणी कुठून वाहतं आणि बांध कुठे घालायचा. भाषा नव्हती, हात होते. वडिलांनी त्याच्या बोडीत (शेततळ्यात) मासे सोडले, पुढच्या वर्षी दोघांनी वाटून खाल्ले. हे @मोहाचं_झाड यांना सांगायचं होतं. ट्रक आले हे खरं. तो माणूस आला हेही खरं.

आता 'नको' का ते. १९७८ साली दंडकारण्यातून हजारो लोक सुंदरबनातल्या मरीचझापी बेटावर गेले. आपल्या मातीजवळ, आपल्या नदीजवळ राहू म्हणून. माझा मामेभाऊ बस्तरकडच्या वसाहतीतून गेला. १९७९च्या मे महिन्यापर्यंत ते बेट पोलीस लावून रिकामं केलं. मामेभाऊ परत आला नाही. तेव्हापासून आमच्या घरांत मुलांना एकच शिकवलं: मान खाली, धान कापा, कोणाच्या डोळ्यात येऊ नका. तुझे बाबा त्या भीतीतून बोलतात, मा. तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही.

पण मान खाली घालून साठ वर्षं झाली. वर्ग २ तसाच, अनुसूचित जातींच्या यादीत आपलं नाव नाही ते नाहीच. माझं मत, तू उभी राहा.

पळसफूल

काका, तुमचं वाचून कितीतरी वेळ काही लिहिता आलं नाही. बांधावरची, माझा आधीचा सल्ला मी मागे घेत नाही, पण त्यात भर घालते. निवडून आलीस तर कागदांचं काम एकटीवर ठेवू नकोस. तीन-चार मुलींना शिकव, एक बंगाली गावातली, एक टोल्यातली, एक मराठी. विरोधात मत दिलेल्या बाईला तुझ्या पायरीवर यायची लाज वाटली तर तिला दुसरी पायरी असली पाहिजे. मावशीने हे केलं नव्हतं.

अकरा_मतांनी

माझं नाव पाहूनच कळलं असेल, मी मागच्या खेपेला ११ मतांनी पडले. भंडारा जिल्हा. तीन गोष्टी सांगते.

सदस्य होऊन काय मिळतं म्हणणाऱ्यांना विचार, पंचायतीच्या विकास आराखड्यात नाव कोण घालतं? कोणत्या गल्लीत नाली, कोणत्या टोल्यात हातपंप हे मासिक सभेत ठरतं. आम्ही बायका सभेला जात नव्हतो तोवर आमच्या गावात प्रत्येक वर्षी समाज मंदिराला रंग लागायचा. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असं कायद्यात आहे. ती कागदावर होते की खरी होते हे तुझ्यासारखी सदस्य असली की बदलतं. मी पडल्यावरसुद्धा दर महिला सभेला गेले, आणि मागच्या वर्षी नळाची पाइपलाइन आमच्या गल्लीत आली.

खर्चाचा हिशोब निकालापासून ३० दिवसांत द्यायचा, पडलीस तरी द्यायचा. आमच्याकडे एकीने दिला नाही, पुढची निवडणूक लढवायला अपात्र ठरली.

आणि ग्रामपंचायतीत पक्षाचं चिन्ह नसतं. तो कार्यकर्ता 'पंचायत समितीला पाहू' म्हणतो कारण तिथे चिन्ह त्याच्या पक्षाचं असतं. आज तुला लोक बोलावताहेत. तो तुला थांबायला सांगतोय.

सह्याद्रीपार

मी मघाशी जे लिहिलं ते आता मला अपुरं वाटतंय. सातबाराचं माहीत नव्हतं. तरी विचारतो, प्रचारात तू वर्ग २ आणि जातीच्या यादीचं बोलणार का? कारण ग्रामपंचायत सदस्य यातलं काहीच बदलू शकत नाही. लोकांना खोटी आशा नको.

निवृत्त_तलाठी

हा प्रश्न नेमका आहे. सदस्याच्या हातात ठराव असतो, त्याने यादी बदलत नाही. पण नमुना ८ (घरपट्टीची नोंदवही) मधल्या घरांच्या नोंदी, नावांच्या दुरुस्तीला लागणारे रहिवासी दाखले, रोजगार हमीची कामं, पेसाच्या पाच टक्के निधीचं (आदिवासी उपयोजनेतून पंचायतीला थेट येणाऱ्या पैशाचं) काय होतं हे विचारणं, एवढं सगळं हातात असतं. ते आधी बोल. आणि त्या पाच टक्क्यांवर टोल्यांचा पहिला हक्क, हेही तूच बोल. तुझ्या तोंडून ते ऐकलं की त्याला वजन येईल.

मोहाचं_झाड

@मानाकॅम्प काका, राम राम. आमच्या आजोबांकडून मी एका बंगाल्याची गोष्ट ऐकली आहे, त्याने बोडीत मासे सोडले होते. गाव वेगळं असेल, माणूसही. पण ती गोष्ट आमच्याकडेही सांगतात, हे तुम्हाला सांगावंसं वाटलं.

@बांधावरची, तुझ्या भागात माझ्या बहिणीचं सासर आहे. तुझ्या प्रभागातल्या टोल्यात ज्या बाईच्या नावाची चर्चा आहे ती जंगलातल्या तेंदू-मोहाच्या हिशोबाला ग्रामसभेत उभी राहते, घाबरत नाही. पण तिच्याकडे जात वैधतेचे कागद नाहीत. आजोबांचा शाळेचा दाखला सापडत नाही म्हणून बसून आहे.

बांधावरची

दोन दिवस लिहिलं नाही, रोवणी चालू होती. सगळं वाचलं, काही उत्तरं मोठ्याने ठाकुरमाला वाचून दाखवली. मानाकॅम्प दादूंचं उत्तर मराठीत वाचत होते, बाबा दारात उभे राहून ऐकत होते. मरीचझापीचं नाव आमच्या घरात त्यांनी कधी काढलं नव्हतं. संपल्यावर म्हणाले, "घरपट्टी भरलीय का बघ." मी म्हटलं, कशाला? तर म्हणाले, "त्या तलाठ्याने लिहिलंय ना."

मी उभी राहतेय. एकटी नाही. मोहाचं_झाड दादांनी सांगितलेल्या बाईंकडे काल गेले होते. जुन्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात त्यांच्या आजोबांचं नाव शोधायला सोमवारी जाणार आहोत, मी आणि त्या, दोघी मिळून. त्या माझ्यासोबत उभ्या राहोत की विरोधात, त्यांचे कागद मी करणारच. हे मी त्यांना जाऊन बसल्याबसल्याच सांगितलं. आमच्या चौकात पेसाबद्दल कोणी बोललं की आता मी गप्प बसणार नाही. काल एकदा बोलले. दोन काका रागावून उठून गेले. त्यातल्या एकाचा निराधारचा अर्ज माझ्याकडे आहे, तो उद्या देऊन येते.

पळसफूल ताई, तीन मुली ठरल्या. चौथी शोधतेय.

अकरा_मतांनी

निकालाच्या दुसऱ्या दिवशी हिशोब लिहायला बस. मी फोनवर बसते सोबत.

निवृत्त_तलाठी

दाखल-खारीज रजिस्टरची नक्कल घेताना पान क्रमांक आणि अनुक्रमांक दोन्ही दिसले पाहिजेत, आणि मुख्याध्यापकांची सही-शिक्का. नुसता मोबाइलचा फोटो चालत नाही. आडनावाचं स्पेलिंग तिथेही बदललेलं असणार, घाबरू नका. प्रतिज्ञापत्र जोडा.

मोहाचं_झाड

सोमवारी मी पण येतो, बहिणीकडे यायचंच होतं. शाळा झाल्यावर टोल्यावर चल, हातपंपाजवळ म्हातारे बसतात संध्याकाळी. गोंडीत बोलायचं. अडखळलीस तरी चालेल, मी शेजारी असेन.